पक्षकार नसलेल्या अक्कांस

निमगाव केतकी,
बुधवार, दुपार

ती. द्वारकाअक्का,

धाकट्या जावेचा, म्हणजे विमलचा, तुम्हाला वाकून नमस्कार. (वाकून असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. माझी कंबर आता अर्ध्यातच थांबते, तेव्हा नमस्कार तुमच्या गुडघ्यांपर्यंत पोचला असं धरा, आणि गुडघे कसे आहेत तेही कळवा.) आबांना कानाचं यंत्र बसवल्याचं समजलं. इतकी वर्षं ज्या शांततेत त्यांनी संसार केला ती आता संपली, तेव्हा थोडे दिवस त्यांना सांभाळून घ्या. इकडे मी, श्रेया आणि इरा ठीक आहोत. इरा दुसरीत गेली. पुढचे दोन दात पडलेत तरी बोलणं कमी झालेलं नाही आणि मनात असेल ते तोंडावर बोलते. त्या बाबतीत पोरगी आमच्यावर गेली, तुमच्या माहेरावर गेली नाही, एवढं समाधान आहे.

फोनच केला असता. पण तुमचा फोन सूनबाई उचलतात, स्पीकरवर टाकतात आणि भाकरी थापायला बसतात, त्यामुळे माझं बोलणं तव्यासकट सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू जातं. यातलं काही स्वयंपाकघराला ऐकवण्यासारखं नाही. म्हणून कागद घेतला.

आधी कामाचं सांगते. येत्या एकवीस तारखेला बारामतीच्या कोर्टात श्रेयाची तारीख आहे. तिला आणि इराला महिन्याला किती पोटगी मिळायची ते त्या दिवशी ठरायचं आहे, आणि ते सगळं एका पतसंस्थेच्या कागदांवर अडलं आहे. श्रेया इंदापुरात बियाण्याच्या दुकानात आठ हजारांवर उभी असते. इराच्या शाळेच्या गाडीलाच त्यातले बाराशे जातात. तेव्हा एकवीस तारखेला कागद मिळाले तर मिळाले, नाही तर जावईबापू म्हणतात तेवढ्यावर भागवायचं. आणि ते काय म्हणतात ते पुढं येईलच. दुसरं सांगायचं ते असं की मी सध्या जळते आहे. या वयाला, चार वर्षं कुंकू पुसून बसलेल्या बाईला हे शोभत नाही हे मला कळतं. पण कळलं म्हणून थांबतंय असं नाही. पहिला नंबर श्रेयाचा, माझ्या पोटच्या पोरीचा आहे. दुसऱ्याचं नाव पुढं येईल.

इंद्रजित तुमचा सख्खा भाचा. स्थळ तुम्हीच आणलंत. (चौकशीची गरज नाही, माझ्या माहेरचा मुलगा आहे, असं तुम्ही म्हणालात. आम्ही केली नाही.) लग्नात त्याचं एक पोकलेन होतं. आता दोन पोकलेन आणि एक ऊसतोडणीचं यंत्र आहे, आणि दोन वर्षांपूर्वी त्यानं बारामतीच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज टाकून श्रेया आणि इराला माझ्या दारात आणून सोडलं, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला माहीत नसेल ते त्याचं शपथपत्र. कोर्टानं दोघांनाही सांगितलं, आपापल्या जवळ काय आहे ते शपथेवर लिहून द्या. श्रेयानं एकतीस वस्तू लिहिल्या. त्यात शिट्टी नसलेला कुकरही लिहिला, कारण ती तिच्या वडिलांवर गेली आहे. इंद्रजितनं लिहिलं की मी मित्राच्या पोकलेनवर चालक आहे, महिना चौदा हजार मिळतात, दोन्ही पोकलेन आणि ते तोडणी यंत्र सगळी मित्रांची आहेत, आणि माझं एका बँकेत एकच खातं असून त्यात दोनशे बारा रुपये आहेत. मी ते शपथपत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून झालं तेव्हा मला त्याची इतकी दया आली की शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून पाठवावी असं वाटलं. माझं हे असंच आहे. चौथीनंतर शाळा सुटली, मग जे काय वाचलं ते पुड्याच्या कागदांवर आणि वाचनालयातल्या पुस्तकांवर वाचलं, त्यामुळे कुणी काही लिहिलं की मला ते आधी खरंच वाटतं. तुमची सातवी झालेली, तुम्हाला हे कळायचं नाही.

आमच्या वकीलबाई, प्रगती त्यांचं नाव, वयानं श्रेयापेक्षाही लहान, पण चष्मा माझ्याहून जाड. त्या म्हणाल्या, याचा पैसा कुठंतरी आहे, तो कुठं ते सांगा. श्रेया म्हणाली, ते सारखे एका पतसंस्थेत जायचे. (पतसंस्थेचं नाव इथं लिहीत नाही. वकीलबाईंचं म्हणणं, कागद फिरतात.) मग मी आणि श्रेया तिथं गेलो. मॅनेजरचं नाव पुष्कर. त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, पंखा आमच्याकडे वळवला, आणि म्हणाला, "मावशी, ह्यो नवराबायकोचा दावा हाय. त्यात आमी पक्षकार न्हाय." मी म्हटलं, पक्षकार नसू दे, तुम्ही नुसता उतारा द्या. म्हणाला, "खातं हाय का न्हाय ते बी सांगता येत न्हाय. आमी पक्षकार न्हाय." असं सात वेळा झालं. सातव्या वेळी शिपाईही बरोबर म्हणाला. मला त्या माणसाचा राग आला नाही, खरं सांगते. मला हेवा वाटला. अंगाला काही लागू नये म्हणून इतकं सोपं वाक्य जगात आहे आणि ते मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळावं! नाही तर एकोणतीस वर्षांच्या संसारात मी ते पुष्कळ वेळा वापरलं असतं.

वकीलबाईंनी समजावून सांगितलं की पतसंस्था दाव्यात नसली तरी कोर्ट तिला समन्स काढून दप्तर घेऊन या म्हणू शकतं. पण कोर्टाला नेमकं सांगावं लागतं, अमुक खातं, अमुक साल. तुमचं सगळं कपाट उघडा, आम्ही बघतो काय सापडतं ते, असं कोर्ट करू देत नाही. म्हणजे खात्याचा नंबर हवा. तो कुठून आणायचा? इथं माझ्या वाचनाचा उपयोग झाला, असं मला त्या दिवशी वाटलं. पानात खूण ठेवायला हाताला लागेल तो कागद घालायची मला सवय आहे. एसटीचं तिकीट, औषधाची चिठ्ठी, काहीही. फळझाडांवरचं एक जाड पुस्तक मी श्रेयाला वाचायला दिलं होतं, ते बारामतीला तिच्या घरी तीन वर्षं न उघडता पडून होतं, आणि तिच्या पेटीतून परत आलं. त्यात डाळिंबाच्या पानावर त्याच पतसंस्थेची पिग्मीची पावती निघाली. पिग्मीवाला रोज दुकानोदुकानी फिरून वीस-पन्नास रुपये गोळा करतो आणि मशिनमधून चिठ्ठी काढून देतो, तसली. त्या चिठ्ठीची शाई उडून जाते. नाव उडालं होतं, तारीख उडाली होती, खात्याचा नंबर मात्र शिल्लक होता. जावयाच्या घरून आलेलं पुस्तक, जावयाची पतसंस्था, तेव्हा नंबर जावयाचाच. वकीलबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी आम्हाला कोर्टासमोर चहा पाजला आणि पैसे स्वतः दिले. (वकिलानं पैसे दिलेले मी पहिल्यांदाच बघितले. शेवटचेही असतील.)

अर्ज गेला. इंद्रजितच्या वकिलानं लिहून दिलं की हे खातं माझ्या अशिलाचं नाही, तो शपथेवर सांगतो. आम्ही तिघी हसलो. आता विचार करते तर त्या सगळ्या कागदांत खरं असं ते एकच वाक्य होतं. समन्स निघालं. मॅनेजरला यायचा-जायचा भत्ता आपण भरायचा असतो, तो श्रेयानं भरला. पतसंस्थेपासून कोर्ट चालत दहा मिनिटांवर आहे. तरी भरावा लागतो.

तारखेला पुष्कर मॅनेजर इस्त्रीचा शर्ट घालून, वही कापडात बांधून आला. न्यायाधीश बाई आहेत. आवाज बारीक, पण सगळे ऐकतात. (हेही मला घरी कधी जमलं नाही.) त्या म्हणाल्या, वाचा. तो वाचायला लागला. "खातेदार, जोतीराम." पुढं वडिलांचं नाव, आडनाव, राहणार निमगाव केतकी. मग पान उलटलं आणि म्हणाला, "शेरा, मयत."

अक्का, माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या चार वर्षांत गावातही आता कुणी फारसं घेत नाही. सगळे श्रेयाचे वडील म्हणतात, नाही तर काट्यावरचे दाजी म्हणतात. आणि तिथं भरल्या कोर्टात, शंभर माणसांसमोर, पंख्याच्या वरताण आवाजात कुणी तरी त्यांना नावानं पुकारलं. लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. आणखी एकदा वाच म्हणावं असं वाटलं.

न्यायाधीश मॅडमनी विचारलं, हे कोण? मी उभी राहिले. म्हटलं, "माझं मालक." त्या म्हणाल्या, ते या दाव्यात कुठे आहेत? म्हटलं, "ते कुठंच न्हाईत, मॅडम." मागच्या बाकावर कुणी तरी हसलं. त्यावेळी मला उमगलं. ती पावती त्यांची होती. धुण्याआधी त्यांच्या शर्टाचा खिसा मीच मोकळा करायची, आणि हाताला लागलेला कागद न बघता पुस्तकात घालायची. पुड्याचा कागद वाचणारी मी, पण नवऱ्याच्या खिशातली चिठ्ठी कधी वाचली नाही. आमच्यात पद्धत नव्हती.

इंद्रजितच्या वकिलाला तर सोन्याचा दिवस उगवला. म्हणाला, माझा अशील पहिल्यापासून सांगतोय, खातं त्याचं नाही, आता पतसंस्थेनं मेलेल्या माणसाचं दप्तर आणलं, हा काय कारभार आहे? इथं त्याची चूक झाली. पुष्कर मॅनेजर शिव्या खाईल, पण दप्तरात चूक आहे हे ऐकून घेणार नाही, तसल्यातला माणूस आहे. तो लाल झाला. म्हणाला, "मॅडम, चूक आमची न्हाय. कोर्टानं नंबर मागितला, आमी नंबर आणला. इंद्रजितरावांचं खातं येगळंच हाय. त्येंचा नंबर सतराला संपतोय, ह्यो चाळीसला."

इंद्रजितनं वकिलाकडे बघितलं, वकिलानं छताकडे. वकीलबाई उठून फक्त एवढंच म्हणाल्या की शपथपत्रात या संस्थेत खातं असल्याचं दिसत नाही. मॅडमनी सतराला संपणाऱ्या खात्याचा तीन वर्षांचा उतारा पुढच्या तारखेला आणायला सांगितला. म्हणजे माझ्या गाढवपणानं जे झालं ते कायद्याच्या हुशारीनं झालं नसतं. वकीलबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, काकू, तुम्ही हे मुद्दाम केलंत का? त्यांना तसं वाटत असेल तर वाटू दे.

पण हे सगळं व्हायच्या आधी मॅनेजरनं आणखी एक ओळ वाचली होती, आणि मी घरी येईपर्यंत तीच ओळ चावत आले. नॉमिनी, द्वारकाबाई, राहणार माळेगाव बुद्रुक.

तर दुसरा नंबर तुमचा, अक्का.

हे गळिताच्या हंगामात पाच महिने माळेगावला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर असायचे आणि तुमच्याकडे राहायचे, जेवायचे. त्यात माझी तक्रार नव्हती. (होती.) एकोणतीस वर्षं गुणिले पाच महिने म्हणजे बारा वर्षं आणि वर एक महिना हा माणूस तुमच्या हातचं जेवला. उरलेले महिने माझ्याकडे बसून तुमच्या आमटीचं वर्णन करत जेवला. वहिनी लसूण ठेचून घालते. वहिनी मीठ शेवटी घालते. मी मीठ आधी घातलं, मधे घातलं, शेवटी घातलं, तरी ती चव आली नाही, आणि ते म्हणायचे, "र्‍हाऊ दे, ही बी बरी हाय." बरी! माझ्या संसाराला मिळालेला हा दाखला. त्यांचा पगार किती हे मला तेराव्याच्या दिवशी फंडाच्या कागदावर कळलं. आणि तुमचं नाव मात्र त्यांनी फॉर्मवर स्वतः सांगून लिहवलं.

मी तशीच पिग्मीवाल्या नीळकंठरावांना गाठलं. ते अजून फिरतात, आता सायकल जाऊन इलेक्ट्रिक गाडी आली आहे. म्हटलं, खरं सांगा, यांनी वहिनीचं नाव का लिहवलं? म्हणाले, "अवो, माळेगावात तुमच्या जावंच्या वसरीवर फॉर्म भरला. म्या इचारलं नॉमिनी कोन, तवर अक्का चा घिऊन आल्या. दाजी म्हनले, लिवा की ह्या समूर हाईत त्या." झालं. एवढंच. चहाला तुम्ही होता म्हणून तुम्ही. मी रात्रभर हेच धरून बसले की कारण अगदी साधं आहे, कुणीही असती तरी तिचं नाव लागलं असतं. मग पहाटे लक्षात आलं की चहाला समोर तुम्ही होता हे ठीक, पण माझ्या चहाला तो फॉर्म कधी का निघाला नाही?

आणि फॉर्मवर नात्याचा रकाना आहे. मी दुसऱ्या दिवशी जाऊन तो बघून आले. (पुष्करनं दाखवला. म्हणाला, ह्या खात्यात तरी तुमी पक्षकार हाईसा असं म्हनायला हरकत न्हाय. मला त्या क्षणी तो आवडला.) त्या रकान्यात वहिनी लिहिलेलं नाही, भावजय लिहिलेलं नाही, काहीच लिहिलेलं नाही. नुसती एक आडवी रेघ आहे. नीळकंठराव म्हणतात, "पेन चालतंय का बघाया मारली आसंल." असेलही. पण अक्का, नवरा वारल्यावर चार वर्षांनी बाईला वाचायला एक आडवी रेघ मिळाली की ती त्यात काय काय वाचू शकते, याची तुम्हाला कल्पना नाही. मी पुस्तकं वाचलेली आहेत.

मागच्या आठवड्यात दुसरी तारीख झाली. सतराला संपणाऱ्या खात्याचा उतारा आला, बावीस पानं. श्रेयाला एक प्रत मिळाली आणि ती ओसरीवर बसून ती रोज वाचते. पंपावर किती डिझेल भरलं, कुठल्या हॉटेलात कुठल्या वारी जेवला, कुणाला मोबाइल घेऊन दिला, सगळं तारीखवार. ती वाचते आणि रडते, आणि मी शेजारी बसून तिच्यावर जळते. हे लिहायला नको होतं, पण लिहिते. नवरा सुटत चाललेल्या बाईला कोर्ट शिक्का मारून त्याचा तीन वर्षांचा एकूणएक दिवस हातात देतं. आणि जिनं सोडला नाही, शेवटपर्यंत दवाखान्यात उशाला बसली, तिच्या हातात एक पावती, तीही नाव उडालेली. एकदा श्रेया म्हणाली, आई, तू ही पानं इतकी का वाचतेस गं, तुझा नवरा नाही तो. मी म्हटलं, म्हणूनच.

पण उताऱ्यात घोळ आहे. पैसा लाखांनी येतो आणि दर तीन महिन्यांनी खातं झाडून पुसून मोकळं होतं. शेरा, ठेवीकडे वर्ग. मॅडमनी विचारलं, ठेवी कुणाच्या नावे? पुष्कर म्हणाला, इंद्रजितरावांच्या नावे नाहीत, ज्येष्ठ नागरिकांना व्याज अर्धा टक्का जादा असतं, त्यामुळे लोक घरातल्या म्हाताऱ्यांच्या नावावर ठेवतात. मॅडम म्हणाल्या, नाव? तोवर इंद्रजितचा वकील उभा राहिला की ती त्रयस्थ व्यक्ती आहे, दाव्यात पक्षकार नाही, तिच्या ठेवींची माहिती अशी उघड्यावर सांगता येत नाही. मॅडमनी वकीलबाईंना सांगितलं, त्या व्यक्तीचं नाव घालून रीतसर अर्ज द्या, एकवीस तारखेला बघू. नाव कळलं नाही तर बावीस पानं असूनही हाताशी शेवटी शपथपत्रातले तेच दोनशे बारा रुपये. इंद्रजितची आई तर केव्हाच वारली. वकीलबाई मला विचारत होत्या, काकू, यांच्याकडे आणखी कोण म्हातारं माणूस आहे? मी म्हटलं, आठवून सांगते.

असो. पत्र फार लांबलं. सोबत पतसंस्थेचा फॉर्म जोडला आहे. यांच्या खात्यात जे काय साठलं आहे ते नॉमिनी म्हणून तुम्हालाच मिळायचं, तेव्हा फुली मारली आहे तिथं सही करा आणि पैसे घ्या. मला त्यातला रुपया नको. तुम्ही त्यांना जेवू घातलंत, त्याचं मी मनापासून मानते. (हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं. यातल्या त्यात हे बरं उतरलं.) आबांना आणि सूनबाईंना नमस्कार सांगा. मनात काही ठेवू नका. मीही ठेवलेलं नाही.

तुमची धाकटी जाऊ,
विमल

ता. क. — मनात ठेवलं आहे. गेल्या दिवाळीत मी तुमच्याकडे आले होते तेव्हा तुम्ही मला सांगितलं होतं की इंद्रजित दर तीन महिन्यांनी गाडी घेऊन येतो, आत्याला बारामतीला नेतो, पतसंस्थेत चार सह्या घेतो आणि येताना आइस्क्रीम खाऊ घालतो. भाचा असावा तर असा, असं तुम्ही म्हणालात. मला त्या आइस्क्रीमचाही हेवा वाटला होता. कसल्या सह्या ते मी विचारलं नाही आणि तुम्हीही वाचलं नसणार, सातवी असून. मला कोर्टातच आठवलं होतं. वकीलबाईंना सांगितलं नाही. श्रेयालाही नाही.

ता. क. दुसरा — तेव्हा मुख्य काम हे. ठेवींच्या पावत्या तुमच्याच कपाटात असणार. त्या पिशवीत घाला आणि एकवीस तारखेला अकरा वाजता बारामतीच्या कोर्टात आपल्या पायांनी या. पैसा तुमचा नाही एवढंच मॅडमसमोर सांगायचं. भाचा रागावेल. तुमचा भाऊ वर्षभर बोलणार नाही. पण इरा तुमच्याही दिराचीच नात आहे. तुम्ही आला नाहीत तर तुमच्या दारी बेलीफ समन्स घेऊन येईल, आणि सगळ्या गल्लीदेखत थोरल्या जावेला समन्स आलेलं मला बघवणार नाही. खोटं कशाला लिहू, बघवेल. एसटीनं येऊन बघेन.

ता. क. शेवटचा — ती रेघ पेन चालतंय का बघायला मारली की कशाला, हे तुम्हाला माहीत असलं तरी सांगू नका. मला माझं वाचन पुरे आहे. सोमवारी अर्ज द्यायचा आहे. वकीलबाईंनी टाइप करून आणला आहे आणि त्या त्रयस्थ व्यक्तीच्या नावापुरती जागा कोरी ठेवली आहे. काकू, आठवलं की तुमच्याच हातानं भरा, म्हणाल्या. अक्का, आपल्या घरातल्या पुरुषांना पैसा ठेवायची वेळ आली की तुमचंच नाव सुचतं, नवऱ्याला सुचलं, जावयाला सुचलं. माझं नाव लिहायला कुणी पेनाचं टोपण काढलं नाही. आता आयुष्यात पहिल्यांदा नाव लिहायची पाळी माझ्याकडे आली, तर ते नावही तुमचंच निघालं. रविवारपर्यंत तुमच्या निरोपाची वाट बघते. ते नाव मला लिहायला लावू नका. लिहायला मला फार आवडेल, भीती तेवढीच आहे.